एमिल झाटोपेक : वेडीवाकडी धाव, अचूक पावले

एमिल झाटोपेक धावत असताना ते कोणत्याही क्षणी कोसळतील, असेच पाहणाऱ्यांना वाटे. मान एका खांद्यावर कललेली, चेहरा वेदनेने पिळवटलेला, जीभ बाहेर आलेली. प्रशिक्षकांनी टाळायला सांगितलेले बहुतेक दोष त्यांच्या धावेत होते. मात्र ते कमरेच्या वर. खाली पाय एका लयीत पडत. दीर्घ पल्ल्यात शरीराचे ओझे हजारो वेळा उचलावे लागते ते पायांनाच, आणि तेथे झाटोपेक यांची शक्ती वाया जात नसे.

१९ सप्टेंबर १९२२ रोजी चेकोस्लोव्हाकियात जन्मलेले झाटोपेक झ्लीन येथील बाटाच्या पादत्राण कारखान्यात कामाला होते. १९४१ मध्ये तेथेच त्यांना मनाविरुद्ध शर्यतीत उतरवण्यात आले. ते दुसरे आले. पुढे ४०० मीटरच्या वेगवान फेऱ्या आणि मध्ये संथ धाव, हा सराव त्यांनी अफाट प्रमाणात केला, कधी लष्करी बूट घालूनही. पायांची लय घडली ती बहुधा याच कष्टातून.

खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक जिंकलेल्या १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये झाटोपेक ५,००० आणि १०,००० मीटर जिंकले. त्यानंतर आयुष्यातील पहिलीच मॅरेथॉन धावून २ तास २३ मिनिटांत तेही सुवर्ण मिळवले. १९५४ मध्ये १०,००० मीटर २९ मिनिटांच्या आत धावणारे ते पहिले ठरले.

१९६८ मध्ये प्राग येथील सुधारणांना पाठिंबा दिल्याने लष्करातील पद गेले, अंगमेहनतीची कामे वाट्याला आली. नोव्हेंबर २००० मध्ये प्रागमध्ये त्यांचे निधन झाले.