पडद्यावर शेतकरी आणणारा कलावंत : बाबूराव पेंटर

मराठी माणसाने भारताला चित्रपट दिला, हे आपण अभिमानाने सांगतो. हे सांगताना दादासाहेब फाळके यांचे नाव ओठांवर येते आणि ते योग्यच आहे. परंतु फाळक्यांनी रुजवलेले रोप ज्यांनी वाढवले आणि देवादिकांच्या कथांमध्ये रमलेल्या पडद्यावर कर्जाने पिचलेला शेतकरी ज्यांनी प्रथम उभा केला, त्या बाबूराव पेंटर यांची ओळख आपल्यापैकी फार थोड्यांना असेल. परभणीसारख्या शेतीवर जगणाऱ्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना तर ती असायलाच हवी.

बाबूरावांचे मूळ आडनाव मेस्त्री. त्यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव हे सुतारकाम, लोहारकाम आणि मूर्तिकाम जाणणारे कसबी कारागीर. घरात पैसा बेताचाच, पण हातात कला पिढीजात होती. बाबूराव कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. त्यांच्या नात्यातले बंधू आनंदराव आणि ते, दोघे मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले. संगीत नाटकांचा तो वैभवाचा काळ होता. त्या पडद्यांनी दोघांना असा लौकिक मिळवून दिला की मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि पेंटर हेच नाव कायमचे चिकटले.

१९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघा बंधूंना नवा ध्यास लागला. रंगवलेला पडदा स्थिर असतो, हा पडदा तर हलत होता! मात्र परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा जवळ नव्हता. तेव्हा कॅमेरा आपणच बनवायचा, असे त्यांनी ठरवले. काम अर्धवट असतानाच १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी हे दुःख गिळले आणि विष्णुपंत दामले यांच्या साथीने १९१८ मध्ये चालता कॅमेरा तयार केला. छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय लाभला, गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल पुरवले आणि कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

१९२० मध्ये या कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला. कीचकवधाची कथा त्या काळी केवळ पुराणातली राहिली नव्हती. याच विषयावरील खाडिलकरांच्या नाटकावर इंग्रज सरकारने १९१० मध्ये बंदी घातली होती. चित्रपटातील कीचकवधाचे दृश्य इतके जिवंत वठले होते की त्यावर सेन्सॉरची कात्री चालली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ या पदवीने गौरवले. फाळक्यांची तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने साकारली होती. बाबूरावांनी स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या. सिनेमात काम करणाऱ्या स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दोघींचे धैर्य कळते.

पुढे ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा प्रयोग केला. चित्रीकरणापूर्वी ते वेशभूषा आणि दृश्ये कागदावर रेखाटून घेत. चित्रपटाची पोस्टरे स्वतःच्या कुंचल्याने रंगवत. ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाचे पोस्टर आजही त्यांच्या कुंचल्याची साक्ष देते.

परंतु त्यांचे खरे मोठेपण १९२५ च्या ‘सावकारी पाश’ या चित्रपटात आहे. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकाराच्या कर्जात शेतकऱ्याची जमीन जाते आणि त्याला शहरात जाऊन गिरणीत मजुरी करावी लागते, एवढेच तिचे सूत्र. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. सावकारी जाचाविरुद्ध पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये उठाव केला होता, त्याला तेव्हा पन्नास वर्षे होत होती. त्या वेळी आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, पण सावकाराची वही आणि शेतकऱ्याचा अंगठा यांना राज्याची सीमा ठाऊक नव्हती.

चमत्कार पाहायला आलेल्या प्रेक्षकांना हे दुःख रुचले नाही. चित्रपट चालला नाही आणि बाबूराव पुन्हा पौराणिक, ऐतिहासिक विषयांकडे वळले. पुढे १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम या त्यांच्याच शिष्यांनी बाहेर पडून प्रभात फिल्म कंपनी काढली. पाठोपाठ १९३१ मध्ये बोलपट आला. मूकपटाच्या चित्रमय भाषेवर पोसलेल्या या कलावंताचे मन त्यात फारसे रमले नाही. तरीही त्यांनी १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ बोलपट म्हणून पुन्हा काढला. एकदा अपयश पदरी पडलेल्या विषयाकडे माणूस अकरा वर्षांनी परत वळतो, तो केवळ धंद्यासाठी खास नव्हे. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले.

दुर्दैव असे की, १९२५ चा तो मूकपट आज उपलब्ध नाही. बाबूरावांच्या मूकपटांपैकी ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ यांचे काही भाग तेवढे उरले आहेत. शेतकऱ्याचे शेत गेले, तसे त्याचे चित्रही गेले. कथेतला प्रश्न मात्र गेला नाही. सावकारीला आळा घालण्यासाठी महाराष्ट्र शासनाला २०१४ मध्येही नवा कायदा करावा लागला, म्हणजे मूकपटानंतर तब्बल ८९ वर्षांनी.

कलावंताचे यश तिकिटांच्या गल्ल्यावर मोजायचे असेल, तर ‘सावकारी पाश’ ही हार ठरेल. पण ज्याच्याकडे कोणी पाहत नव्हते, त्या माणसाकडे आपल्या घरी घडवलेला कॅमेरा वळवणे, हे यश नव्हे काय? काळ्या मातीतून शिकायला आलेल्या आपणा सर्वांवर, न पाहिलेल्या त्या चित्रपटाचे ऋण आहे. आणि हे ऋण कोणत्याही सावकाराच्या वहीत मांडलेले नाही.