तारेच्या जाळीने आग अडवणारे हम्फ्री डेव्ही

१८१२ साली इंग्लंडमधल्या फेलिंगच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ९२ जणांचा मृत्यू झाला. त्यात लहान मुलंही होती. खाणीत मिथेन वायू साठायचा आणि उजेडासाठी नेलेल्या उघड्या ज्योतीने पेटायचा.

१८१५ मध्ये यावर उपाय शोधण्याची विनंती हम्फ्री डेव्ही यांना करण्यात आली. पेन्झान्समध्ये १७७८ साली जन्मलेले डेव्ही तोवर सोडियम आणि पोटॅशियम वेगळे करून नावारूपाला आले होते.

त्यांनी नेमकं काय केलं? ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवली. जाळीतून हवा आणि वायू आत जातात, आत वायू पेटतोही. पण धातू त्याची उष्णता झटकन शोषून पसरवतो. त्यामुळे बाहेरचा वायू पेटण्याइतका तापत नाही. शिवाय ज्योत लांबली आणि तिच्याभोवती निळसर झाक दिसली, की वायू असल्याचं कळायचं.

डेव्ही यांनी या दिव्याचं पेटंट घेतलं नाही. मात्र त्याच्या भरवशावर मालकांनी जास्त वायू असलेल्या खाणींतही कामगार उतरवले. जाळी फाटली किंवा तापून लाल झाली, तर दिवाच धोक्याचा ठरायचा. १८२९ मध्ये जिनिव्हात डेव्ही यांचं निधन झालं, तेव्हाही खाणींमधले स्फोट थांबले नव्हते.