ॲन लो : वधूवेषामागील हात

जॉन केनेडी आणि जॅकलिन बूव्हिए यांचा विवाह १२ सप्टेंबर १९५३ रोजी अमेरिकेतील न्यूपोर्ट येथे झाला. वधूच्या हस्तिदंती रंगाच्या रेशमी वेषाची छायाचित्रे जगभर छापली गेली. सुमारे ५० वार कापडाचा तो वेष बेतणाऱ्या स्त्रीचे नाव मात्र बहुतेक वृत्तपत्रांनी दिले नाही. त्या स्त्रीची, ॲन लो यांची, जीवनकथा आम्ही येथे मांडत आहोत.

अलाबामा राज्यातील क्लेटन या गावी १८९८च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. आजी गुलामगिरीत जन्मलेली. आजी आणि आई दोघीही गोऱ्या श्रीमंत घरांतील स्त्रियांचे पोशाख शिवीत. शिवताना उरलेल्या रेशमी तुकड्यांची लहानगी ॲन फुले करी. बागेतील फूल पाहायचे आणि कापडात तसेच उतरवायचे, हा तिचा खेळ. पुढे हीच कापडी फुले त्यांच्या कामाची ओळख ठरली. १९१४ मध्ये आई वारली, तेव्हा राज्यपालांच्या पत्नीचे चार पोशाख अपुरे होते. सोळा वर्षांच्या ॲनने ते पुरे केले.

लग्न लवकर झाले होते आणि पतीला पत्नीचे शिवणकाम नको होते. फ्लोरिडातील टॅम्पा येथील एका धनिक कुटुंबाकडून कामाचे बोलावणे येताच त्या मुलाला घेऊन निघाल्या. तेथून १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका शिवणविद्यालयात गेल्या. त्या कृष्णवर्णीय आहेत हे कळताच विद्यालय गोंधळले. अखेर प्रवेश मिळाला, पण इतर विद्यार्थिनींपासून दूर, एका स्वतंत्र खोलीत. गंमत अशी की, ज्यांच्या शेजारी त्यांना बसू दिले जात नव्हते, त्याच मुलींना त्यांचे काम नमुना म्हणून दाखविले जाई. अभ्यासक्रम त्यांनी निम्म्या वेळात संपविला.

टॅम्पात दुकान चालवून साठविलेल्या पैशांवर त्या १९२८ मध्ये न्यूयॉर्कला आल्या आणि पुढे बरीच वर्षे इतरांच्या दुकानांसाठी शिवत राहिल्या. अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅविलंड यांनी १९४७ मध्ये ऑस्कर स्वीकारताना घातलेला पोशाख लो यांचा होता. आतल्या पट्टीवर नाव दुसऱ्याचे होते. स्वतःच्या नावाचे दुकान १९५० मध्ये उघडले.

केनेडी विवाहाच्या दहा दिवस आधी त्यांच्या कार्यशाळेत पाणी शिरले. वधूवेष आणि करवल्यांचे बहुतेक पोशाख नासले. दोन महिन्यांचे काम गेले. त्यांनी नवे कापड आणले, जादा कारागीर लावले, रात्रंदिवस शिवले आणि वधूच्या घरी याचा शब्दही कळू दिला नाही. सुमारे ७०० डॉलर नफा व्हायचा, तेथे २,२०० डॉलर तोटा झाला. पोशाख पोचविण्यास त्या स्वतः गेल्या, तेव्हा दारावरच्या माणसाने मागील, नोकरांच्या दाराने येण्यास सांगितले. तसे असेल तर पोशाख परत नेते, असे त्यांनी ठणकावले. पुढचे दार उघडले.

आम्हांस या जीवनात एक गोष्ट सलते. टाक्याची पारख एवढी, पण स्वतःच्या श्रमाची किंमत त्यांनी फार कमी लावली. श्रीमंत ग्राहक घासाघीस करीत आणि त्या ऐकून घेत. मुलगा आर्थर हिशेब सांभाळी, तोवर निभावले. १९५८ मध्ये अपघातात तो गेला आणि व्यवहाराची घडी विस्कटली. कर थकला, १९६२ मध्ये दुकान बंद पडले, काचबिंदूने एक डोळा गेला. कोणा अज्ञात व्यक्तीने त्यांचे कराचे देणे फेडले. ती व्यक्ती म्हणजे जॅकलिन केनेडीच, असे लो यांना वाटे. दृष्टी क्षीण होऊनही १९६८ मध्ये त्यांनी मॅडिसन ॲव्हेन्यूवर पुन्हा दुकान थाटले.

२५ फेब्रुवारी १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. तो वधूवेष बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. वॉशिंग्टन येथील आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयातही त्यांचे काही पोशाख जपून ठेवले आहेत, ॲन लो यांच्या नावाने.