दुष्यंताला गायला लावणारे अण्णासाहेब

दोस्तांनो, आमगावकडे मंडईच्या रात्री नाटक बघताना एक गोष्ट तुम्ही गृहीतच धरता. नायक प्रेमात पडला की तो स्वतःच गाऊ लागतो. पूर्वी तसं नव्हतं. 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता-स्वयंवर' केलं, तेव्हा गायचं काम सूत्रधाराचं. राम-रावण त्यावर हावभाव करायचे आणि मग सुचेल ते बोलायचे.

त्याच 1843 साली बेळगावकडच्या गुर्लहोसूरला बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. शिकायला पुण्यात आले आणि नाटकमंडळ्यांना पदं लिहून देऊ लागले. अभ्यासाचं काय झालं, ते तुम्हाला सांगायला नको! मग बेळगावात मास्तरकी, पोलीस खातं, शेवटी पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी. वय सदतीस झालं, तरी नाटकाचं वेड काही जाईना.

1880 मध्ये पुण्यात त्यांनी पारशी कंपनीचं 'इंद्रसभा' पाहिलं. त्यात पात्रं गात होती. मग मराठीत का नको? त्यांनी थेट कालिदासाचं 'शाकुंतल' उचललं. साकी, दिंडी, लावणी, कानडी गाण्यांच्या चाली, रागदारी, सगळं त्यात आणलं. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात पहिले चार अंक झाले. दुष्यंत झालेले मोरोबा वाघोलीकर आपली पदं आपणच गात होते. त्रिलोकेकरांचं संगीत 'नल-दमयंती' वर्षभर आधीचं, पण लोकांना वेड लावलं ते 'शाकुंतल'नेच.

गंमत बघा, 1600 च्या सुमारास इटलीत फ्लॉरेन्सच्या मंडळींचंही असंच झालं होतं. ग्रीक नाटकं गाऊन होत असत, असं त्यांना वाटायचं. ती परत आणायला गेले आणि ऑपेरा जन्मला. ऑपेरात बहुतेक सगळंच गातात. अण्णासाहेबांनी मात्र बोलणं शाबूत ठेवलं, आणि मला तरी तेच शहाणपणाचं वाटतं. भांडण आणि थट्टा बोलण्यातच रंगते की!

ते बघायचं तर 1882 चं 'सौभद्र' बघा. बलरामदादांनी दुर्योधनाचं स्थळ पक्कं केलंय, सुभद्रेला हवाय अर्जुन आणि कृष्ण सगळ्यांना खेळवतोय. महाभारतातली माणसं, पण घर अगदी आपलं. बायका तेव्हा या रंगभूमीवर नव्हत्या. बडोद्याहून आणलेल्या भाऊराव कोल्हटकरांनी सुभद्रा गाजवली.

आपल्या पद्मपूरशी ज्याचं नाव जोडतात, त्या भवभूतीप्रमाणे अण्णासाहेबही रामकथेकडे वळले. 1884 मध्ये 'रामराज्यवियोग'चे तीन अंक रंगमंचावर आले. पुढचे लिहून व्हायच्या आत, 2 नोव्हेंबर 1885 ला, ते गेले. वय अवघं 42. 'शाकुंतल'च्या पहिल्या प्रयोगाला तेव्हा पाच वर्षं आणि दोन दिवस झाले होते. कंपनी मात्र चालत राहिली. वीस वर्षांनी, 1905 मध्ये, तिच्यात एक कोवळा मुलगा दाखल झाला, नारायण राजहंस. तुम्ही त्याला बालगंधर्व म्हणून ओळखता.