सिंहाचे दुसरे नाव

१९५० सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या जेफ्री ब्लेस या प्रकाशनसंस्थेने मुलांसाठी एक अद्भुतकथा प्रसिद्ध केली. तिचे लेखक ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्य शिकवीत. वयाची पन्नाशी उलटलेली, अविवाहित, घरात स्वतःचे मूलबाळ नाही. महायुद्धाच्या काळात बीबीसीवरून दिलेल्या व्याख्यानांमुळे ख्रिस्ती श्रद्धेचे समर्थक म्हणून त्यांचे नाव इंग्लंडभर झाले होते. मात्र मुलांसाठी त्यांनी तोवर एकही पुस्तक छापलेले नव्हते. हे लेखक म्हणजे क्लाइव्ह स्टेपल्स लुईस आणि ती कथा ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’. कपड्यांच्या जुन्या लाकडी कपाटातून चार भावंडे नार्निया नावाच्या देशात जातात. तेथे चेटकिणीने अखंड हिवाळा लादला आहे. त्यांच्यापैकी एकाने केलेल्या विश्वासघाताचे मोल अस्लान हा सिंह स्वतःचा प्राण देऊन चुकवतो आणि पुन्हा जिवंत होतो.

लुईस यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८९८ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. वडील वकील, तर आई एका धर्मोपदेशकाची कन्या. अगदी लहानपणीच या मुलाने आपल्याला ‘जॅक’ म्हणावे असे ठरवून टाकले आणि ते नाव त्याला जन्मभर चिकटले. त्याचा थोरला भाऊ वॉरेन आणि तो माळ्यावरच्या खोलीत बसून कल्पनेतली राज्ये रचीत. जॅकच्या राज्यात बोलणारे प्राणी असत आणि वॉरेनच्या राज्याचे नाव होते इंडिया! पुढे दोघांनी ही राज्ये जोडून एक केली. आपल्या देशाशी त्या इंडियाचा नावापलीकडे फारसा संबंध नव्हता, तरी ते नाव पाहून गंमत वाटते.

हा खेळ फार दिवस टिकला नाही. ऑगस्ट १९०८ मध्ये आई कर्करोगाने वारली. तिला बरे वाटावे म्हणून नऊ वर्षांच्या जॅकने मनोभावे प्रार्थना केली होती. आई गेली आणि थोड्याच दिवसांत त्याची रवानगी इंग्लंडमधील वसतिगृहाच्या शाळेत झाली. पुढे कुमारवयात त्याने श्रद्धेचा त्याग केला, तो एका दिवसात नव्हे आणि केवळ या एका दुःखामुळेही नव्हे. परंतु ते दुःख कोठेतरी आत राहिलेच. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ या पुस्तकात एक मुलगा मरणपंथाला लागलेल्या आईसाठी नार्नियातून सफरचंद आणतो आणि आई बरी होते. बेलफास्टच्या घरात जे घडले नाही ते लेखकाने सत्तेचाळीस वर्षांनी कथेत घडवून आणले, असे म्हणावेसे वाटते.

पहिल्या महायुद्धात लुईस फ्रान्समध्ये लढले व १९१८ मध्ये जखमी झाले. १९२५ पासून ते ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात अध्यापन करू लागले. सप्टेंबर १९३१ मधील एका रात्री जे. आर. आर. टॉल्किन आणि ह्यूगो डायसन या दोन मित्रांशी कॉलेजच्या आवारात फिरता फिरता प्रदीर्घ संभाषण झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत ख्रिस्त हा देवपुत्र आहे असा त्यांचा विश्वास बसला.

नियतीची मौज पाहा. ज्या टॉल्किन यांनी लुईस यांना ख्रिस्ताकडे येण्यास हातभार लावला, त्यांनाच नार्निया रुचले नाही. निरनिराळ्या पुराणकथांतील वनदेवता, बोलके प्राणी आणि नाताळबाबा यांची एकाच कथेत केलेली सरमिसळ त्यांना खटकली. दुसरे मित्र रॉजर लान्सलिन ग्रीन यांना कथा मनापासून आवडली व त्यांनी लेखकाला धीर दिला. नाताळबाबा मात्र काढून टाकावा असे त्यांनीही सुचवले. लुईस यांनी तो ठेवला. आमच्या मते त्या रानात तो थोडा उपराच वाटतो. पण हिवाळ्याची पकड सैल होत असल्याची पहिली खूण म्हणून मुले त्याच्याकडे पाहतात, हेही खरे. चित्रे काढण्यासाठी पॉलिन बेन्स या तरुण चित्रकर्तीची निवड झाली. त्यांचे वडील भारतात सनदी अधिकारी असल्याने त्यांचे बालपणाचे आरंभीचे दिवस आपल्या देशात गेले होते.

१९५० ते १९५६ या काळात दरवर्षी एक याप्रमाणे सात पुस्तके निघाली. शेवटच्या ‘द लास्ट बॅटल’ला कार्नेगी पदक मिळाले. पण लुईस यांच्या जीवनात खरी भर पडली ती टपालाची. इंग्लंड-अमेरिकेतील मुलांची पत्रे येऊ लागली. पत्राला उत्तर देणे हे ते कर्तव्य मानीत. नाताळच्या दिवसांत साचणाऱ्या टपालाच्या ढिगाविषयी ते कुरकुर करीत, परंतु उत्तर चुकवीत नसत. वॉरेन मदतीला असे, तरी मुलांना बहुधा ते स्वहस्ते लिहीत. ती उत्तरे मुलांनी जपून ठेवली, म्हणूनच १९८५ मध्ये त्यांचा संग्रह निघू शकला.

अस्लानचे आपल्या जगातील नाव कोणते, असे एका मुलीने विचारले. लुईस यांनी तिला ते सरळ सांगितले नाही. नाताळच्या सुमारास या जगात कोण आला, आपण कोणाचा पुत्र आहोत असे त्याने सांगितले, दुसऱ्यांच्या अपराधासाठी कोण मेला व पुन्हा उठला, अशा खुणा तिच्यापुढे ठेवून ओळखण्याचे काम त्यांनी तिच्यावरच सोपवले. १९५४ साली अमेरिकेतील पाचवीच्या एका वर्गालाही त्यांनी कळवले की, नार्नियातील प्रत्येक गोष्ट आपल्या जगातील कशाचे तरी रूपक आहे असे समजू नये. नार्नियासारखा देश असता आणि देवपुत्र तेथे सिंह होऊन आला असता तर काय झाले असते, एवढीच ती कल्पना आहे.

सर्वांत अवघड पत्र १९५५ साली अमेरिकेतून आले. एका आईने कळवले होते की, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला भीती वाटते आहे. येशूपेक्षा अस्लानवर आपले प्रेम अधिक आहे, हे पाप तर नव्हे? पुस्तक लिहिणाऱ्या श्रद्धावंताला हादरवणारा हा अभिप्राय होता. मुलांना ख्रिस्ताजवळ नेण्याऐवजी आपण त्याच्या जागी दुसरेच काही उभे केले की काय? लुईस यांनी लगेच उत्तर पाठवले. अस्लानच्या ज्या कृत्यांमुळे आणि शब्दांमुळे मुलगा त्याच्यावर प्रेम करतो, ती कृत्ये व ते शब्द मुळात येशूचेच आहेत. तेव्हा हे प्रेम त्यालाच पोहोचते. सिंहाचे शरीर त्याला अधिक आवडत असेल, तर लहान मुलाचे मन देव जाणतो. मुलाने करावी म्हणून एक साधी प्रार्थनाही त्यांनी सुचवली. तिच्या शेवटी एक विनंती होती: या लेखकाच्या पुस्तकांनी इतर मुलांना त्रास किंवा अपाय झाला असेल तर देवाने त्याला क्षमा करावी. नामांकित धर्मसमर्थकाने एका पोरवयाच्या वाचकापुढे असे नम्र व्हावे, हे आम्हांला त्यांच्या कित्येक ग्रंथांहून मोलाचे वाटते.

याच मुलाने पुढे पुस्तके कोणत्या क्रमाने वाचावीत यावर आईशी वाद घातला. १९५७ मध्ये लुईस यांनी मुलाच्या, म्हणजे कथेतील काळाच्या, क्रमाकडे कौल दिला, फार आग्रह न धरता. १९९४ पासून प्रकाशकांनी तोच क्रम छापला आणि मोठ्यांमध्ये अद्याप त्यावर वाद चालतो.

एका वाचक-पत्राने तर त्यांचे घरच बदलले. जॉय डेव्हिडमन या अमेरिकन लेखिकेचे पहिले पत्र १९५० साली आले. १९५६ मध्ये त्यांचा विवाह झाला. जॉय यांना कर्करोगाने ग्रासले होते. जुलै १९६० मध्ये त्या गेल्या. त्यांच्या दोन मुलांचा सांभाळ लुईस यांनी केला.

तक्रारीही कमी नव्हत्या. शेवटच्या पुस्तकात सुसान भावंडांबरोबर नसते, याचे अनेक मुलांना वाईट वाटले. ती अजून या जगात जिवंत आहे, तिला सुधारण्यास अवधी आहे, असे लुईस यांनी कळवले. एकीला तर सुसानची पुढची कथा तूच लिही, असे सुचवले. फिलिप पुलमन यांनी १९९८ मध्ये या मालिकेवर कठोर टीका केली, तीत सुसानचा प्रश्न होताच. भारतीय वाचकाला आणखी एक गोष्ट टोचते. नार्नियाचे शत्रू कॅलॉर्मेन हे सावळे आणि फेटे बांधणारे दाखवले आहेत. त्या काळच्या इंग्रज मनाची ती मर्यादा होती आणि ती झाकण्यात अर्थ नाही. त्याच कॅलॉर्मेनांपैकी एमेथ नावाचा सत्यशोधक तरुण अस्लानच्या देशात स्वीकारला जातो, हेही त्याच लेखकाने लिहिले. या प्रसंगावरून ख्रिस्ती वाचकांत आजही दोन तट आहेत.

१९६३ च्या उन्हाळ्यात लुईस यांची प्रकृती ढासळली व त्यांनी केंब्रिजमधील प्राध्यापकपद सोडले. २१ नोव्हेंबर रोजी त्यांनी एका मुलाला त्याच्या सुंदर पत्राबद्दल शाबासकी दिली. अस्लान कोण हे मुले चटकन ओळखतात आणि मोठ्यांना ते उमगत नाही, याचे नवल त्यांनी त्यात व्यक्त केले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाल्याने वृत्तपत्रांत या बातमीला फारशी जागा मिळाली नाही. २६ नोव्हेंबरला ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वारी येथील होली ट्रिनिटी चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले.