पन्नास रुपयांचा करार : आचार्य धर्मानंद कोसंबी

सदरमधील आपल्या वसतिगृहाच्या पालकसभेत एक प्रश्न हमखास निघतो. मुलगा चित्रे काढतो, मुलगी कविता लिहिते; घरची मिळकत बेताची आणि परीक्षा तोंडावर आलेली. अशा वेळी हे चालू द्यावे की बंद करावे? सर्वांना लागू पडेल असे उत्तर आमच्यापाशी नाही. परंतु ज्यांची पुस्तके आपल्या समाजात घरोघरी वाचली गेली, त्या आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे आयुष्य याच प्रश्नाभोवती फिरत राहिले. म्हणून या स्मरणिकेत त्यांचे चरित्र थोडक्यात सांगावे असे आम्ही ठरविले.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. प्रकृती नाजूक, शाळा जवळ नाही, घरी नारळीच्या बागेचे काम. त्यामुळे शालेय शिक्षण जेमतेम झाले. रीतीप्रमाणे लहान वयातच बाळाबाईंशी विवाह झाला. विशीच्या उंबरठ्यावर असताना ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात आलेले बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले. मुलांसाठी लिहिलेला तो मजकूर एका संसारी तरुणाच्या मनाचा असा ठाव घेईल, हे संपादकांच्या ध्यानीमनीही नसेल. बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यावा आणि तो मराठीत आणावा, ही ओढ तेथून लागली. तिच्यापाठी ना पदवी होती, ना पैसा.

1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट घेतली आणि संस्कृतचा अभ्यास आरंभिला. पुढे ग्वाल्हेरमार्गे ते काशीस पोहोचले. तेथे अन्नछत्रात जेवावे आणि पंडितांपाशी व्याकरण शिकावे, असा क्रम होता. नेपाळात बौद्ध धर्म जिवंत आढळेल या आशेने ते तेथवर गेले, परंतु मनासारखे काही हाती लागले नाही. बोधगयेहून कलकत्ता आणि तेथून 1902 साली सिंहलद्वीप असा प्रवास झाला. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या चरणांशी त्यांनी पाली शिकली. तेथील अन्न त्यांना मानवत नव्हते, तरी त्यांनी अध्ययन सोडले नाही. त्यानंतर ब्रह्मदेशात राहून त्यांनी ब्रह्मी लिपीतील ग्रंथ वाचले. शिष्यवृत्तीचा आधार नसताना केवळ विहारांच्या आणि दात्यांच्या आश्रयाने ही सारी विद्या साधली गेली.

येथे आम्हांला थांबावेसे वाटते. धर्मानंद घराबाहेर पडले तेव्हा त्यांची मुलगी माणिक तान्ही होती. बाळाबाई सुमारे सात वर्षे आप्तांच्या आधारावर तिला वाढवीत राहिल्या. धर्मानंदांची विद्या थोर खरी. पण तिचे मोल एकट्या धर्मानंदांनी चुकते केले नाही. चरित्रकार ही बाब दोन ओळींत आटोपतात. आपल्या वस्तीतील ज्या मातांनी मुलाला शिकू द्यावे म्हणून दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी केली, त्यांना मात्र ती दोन ओळींची वाटणार नाही.

1906 साली चीवर उतरवून धर्मानंद कलकत्त्यास आले आणि विद्यापीठात पाली शिकवू लागले. तीस वर्षांच्या आयुष्यात प्रथमच नियमित वेतन सुरू झाले. पुढे विद्यापीठाने त्यांना दरमहा 250 रुपये देऊ केले. त्या काळी एवढ्या पैशात संसार सुखाने चालला असता. त्याच सुमारास बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांचे बोलावणे आले. महाराजांचा करार साधा होता: महाराष्ट्रात कोठेही राहावे, दरवर्षी एक पुस्तक लिहून द्यावे आणि तीन वर्षे दरमहा 50 रुपये घ्यावेत. धर्मानंदांनी 250 सोडून 50 पत्करले.

या निर्णयाकडे केवळ त्याग म्हणून पाहणे आम्हांला पुरेसे वाटत नाही. त्यांना पैसा नको होता असे नव्हे. पोट चालेल इतका हवाच होता. कलकत्त्याच्या वेतनात त्यांचा दिवस विकला गेला असता आणि मराठी वाचक दूरच राहिला असता. बडोद्याच्या 50 रुपयांत दिवस त्यांचा राहिला आणि त्यांनी योजलेले काम हेच नोकरीचे काम ठरले. बडोद्यातील व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक 1910 साली निघाले. पुढे ‘बुद्धलीलासारसंग्रह’ आले, जातककथा आल्या. ज्या मराठी वाचकाला बुद्धाचे नाव दहा अवतारांच्या यादीपलीकडे ठाऊक नव्हते, त्याच्या हाती ती पडली.

1910 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेस गेले. हेन्री क्लार्क वॉरन यांनी अर्धवट ठेवलेले ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन पुरे करावयाचे होते. सिंहली, ब्रह्मी अशा वेगवेगळ्या लिप्यांतील पाठ ताडून पाहण्याचे ते कष्टाचे काम त्यांनी केले. संपादक म्हणून आपले नाव यावे, एवढीच त्यांची मागणी होती. तीवरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाला आणि 1912 च्या आरंभी ते परतले. दारिद्र्यातून वर आलेल्या माणसाने मिळेल त्यात समाधान मानावे, अशी अपेक्षा जगात सर्वत्र असते. धर्मानंदांनी ती मानली नाही, हे आम्हांला विशेष वाटते.

त्यानंतर सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली, पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान तेथेच घडले. 1918 साली ते पुन्हा अमेरिकेस गेले, तेव्हा माणिक आणि दामोदर ही मुले बरोबर होती. दामोदर पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगाला ठाऊक झाले. बाळाबाई धाकट्या मुलींना घेऊन मागेच राहिल्या. गुजरात विद्यापीठ, लेनिनग्राड, मिठाचा सत्याग्रह आणि तुरुंगवास हे टप्पे येथे नुसते नोंदवितो. 1937 साली मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. उतारवयात ‘बोधिसत्त्व’ नावाचे नाटकही लिहिले. पालीच्या पंडिताला नाटकाची हौस राहिली होती, हे वाचून आमच्या नाट्यमंडळातील मुलांना आनंदच होईल.

त्यांचे ‘भगवान बुद्ध’ हे पुस्तक 1940-41 मध्ये आपल्या नागपूरच्या सुविचार प्रकाशन मंडळाने काढले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा बाजूला सारून शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचे भांडण त्यांनी पुढे मांडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बुद्धचरित्रातही गृहत्यागाचे कारण म्हणून हेच भांडण येते.

अखेरचे दिवस त्यांनी येथून दोन तासांच्या वाटेवरील सेवाग्रामला काढले. देह थकला, कार्य संपले, असे मानून त्यांनी अन्न सोडले आणि 4 जून 1947 रोजी त्यांचे निधन झाले. हार्वर्डचा ‘विसुद्धिमग्ग’ 1950 साली छापून निघाला. त्यावर वॉरन यांच्या नावासोबत धर्मानंदांचेही नाव आहे.