शोकातून शिवचरणी

महाशिवरात्रीस काशीविश्वेश्वराचे स्मरण करताना पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे पावन चरित्रही आठवते. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी गावी १७२५ साली त्यांचा जन्म झाला.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव धारातीर्थी पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी विनवून मागे वळविले. १७६६ साली तेही निवर्तले. १७६७ साली एकुलता पुत्र मालेराव गेला. तरीही राज्याची धुरा त्यांनी शिवार्पण बुद्धीने वाहिली आणि काशीचे विश्वेश्वर मंदिर पुन्हा उभारले.

सर्वांत कठोर प्रसंग १७९१ चा. जावई यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. मातेची आर्जवे व्यर्थ ठरली. राजधानी महेश्वर येथे, नर्मदातीरी, चितेसमोर त्या माउलीने टाहो फोडला. तीन दिवस मुखी अन्न नाही, शब्द नाही. शोक त्यांनी लपविला नाही, आणि देवाकडे पाठही फिरविली नाही. पुढे लेकीचे स्मारक बांधविले. १७९५ साली देह ठेवीपर्यंत शिवपूजा व प्रजापालन अखंड चालविले.

दुःखाने व्याकूळ झालेल्या घरांना हे चरित्र आजही धीर देते. देवापुढे ढाळलेले अश्रूही पूजेतच जमा होतात.